करारावाचून काडीमोड

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले ते ३१ जानेवारी २०२० रोजी, आणि बाहेर पडताना त्याच्या हाती करारनामा होता. करारावाचून फारकत घेण्याचा प्रसंग अखेर आलाच नाही. तरीही २०१७ ते २०२० या चार वर्षांत त्या देशाच्या सार्वजनिक जीवनावर कोणत्या एका कल्पनेची छाया सतत पडून राहिली असेल, तर ती याच न घडलेल्या प्रसंगाची. या कल्पनेपायी एका पंतप्रधानांना पद सोडावे लागले, हुजूर पक्षातून एकवीस खासदारांची एका रात्रीत उचलबांगडी झाली, आणि पार्लमेंट स्थगित करण्याचा राणीला दिलेला सल्ला बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींना एकमताने द्यावा लागला. लोकशाहीची जननी म्हणून जिचे गोडवे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून गात आलो, त्या पार्लमेंटवर ही पाळी का यावी? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण असे की, ‘करार नसला तरी चालेल’ हे वाक्य तेथे धैर्याची खूण म्हणून उच्चारले गेले. त्या वाक्याचा व्यवहारातील अर्थ काय, याचा हिशेब मात्र फार उशिरा मांडला गेला. आणि जी धमकी ब्रसेल्सला म्हणून देण्यात आली, ती लागली घरच्याच माणसांना.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात मतदारांना एकच प्रश्न विचारण्यात आला होता: संघात राहावयाचे की बाहेर पडावयाचे? ७२ टक्के मतदान झाले. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडण्याच्या, तर १ कोटी ६१ लाख लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला, शेकडा ५१.९ विरुद्ध ४८.१. निकाल निसटता असला तरी निःसंदिग्ध होता. परंतु राहणे एकाच प्रकारचे असते आणि बाहेर पडण्याचे प्रकार अनेक असतात, ही साधी गोष्ट मतपत्रिकेवर मावणारी नव्हती. नॉर्वेप्रमाणे एकसंध बाजारपेठेत राहून राजकीय संघाबाहेर पडता येते. तुर्कस्तानप्रमाणे जकात संघापुरते नाते ठेवता येते. कॅनडाप्रमाणे दूरचा व्यापारी करार करता येतो. आणि काहीच न ठरविता नुसते उठून जाता येते. यांपैकी कोणता मार्ग मतदारांना अभिप्रेत होता हे कोणीच सांगू शकत नव्हते, आणि म्हणूनच प्रत्येक जण आपल्याला हवा तो मार्ग हाच जनतेचा आदेश असे छातीठोकपणे सांगू लागला. गंमत अशी की, प्रचाराच्या काळात बाहेर पडण्याच्या पुरस्कर्त्यांनी करार न होण्याची भाषा फारशी केलीच नव्हती. उलट करार सहज होईल असेच आश्वासन होते. व्यापारमंत्री लियाम फॉक्स यांनी तर जुलै २०१७ मध्येही हा करार मानवी इतिहासातील सर्वांत सोप्या करारांपैकी एक ठरावयास हवा, असे भाकीत केले होते.

‘वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा’ हे सूत्र पंतप्रधान थेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ रोजी लँकेस्टर हाऊसमधील भाषणात मांडले. ऐकावयास ते इतके शहाणपणाचे वाटते की, त्याला हरकत घेणारा माणूसच भित्रा ठरावा. मंडईत भाव पटला नाही तर आपण पिशवी उचलून चालू लागतो, आणि चार पावले गेल्यावर दुकानदार मागून हाक मारतो, हा अनुभव कोणाला नाही? परंतु मंडईतील गिऱ्हाईक सौदा फिसकटला म्हणजे होते त्या स्थितीत घरी परततो. त्याचे पैसे खिशात असतात आणि दुसरे दुकान शेजारीच असते. ब्रिटनची स्थिती अशा गिऱ्हाइकाची नव्हती. ती होती एकत्र कुटुंबातून वाटणी मागणाऱ्या भावाची. विहीर सामाईक, बांध सामाईक, गोठ्याची भिंत सामाईक. अशा भावाने वाटणीपत्रावर सही न करता घर सोडले, तर तो वाटणीपूर्वीच्या स्थितीत परत जात नाही. विहिरीवरचा त्याचा हक्क तेवढा संदिग्ध होतो.

शिवाय कायद्याने मुदतही घालून दिलेली होती. युरोपीय संघाच्या करारातील पन्नासावे कलम लागू करण्याचे पत्र ब्रिटनने २९ मार्च २०१७ रोजी दिले. त्या क्षणापासून दोन वर्षांचा काळ मोजला जाऊ लागला. दोन वर्षांत करार झाला नाही आणि उरलेल्या सर्व सभासदांनी एकमताने मुदत वाढविली नाही, तर सभासदत्व आपोआप संपणार होते. म्हणजे करारावाचून बाहेर पडण्यासाठी कोणाच्याही संमतीची गरज नव्हती, काही न करणे एवढेच पुरेसे होते. वादाचा सारा तिढा या एका गोष्टीत आहे.

करार नाही याचा अर्थ काय? ‘जागतिक व्यापार संघटनेच्या अटींवर व्यापार’ असे त्याचे उत्तर ठरलेले असे, आणि ते ऐकणाऱ्याला या अटी म्हणजे कुठे तरी तयार असलेली एक उत्तम व्यवस्था आहे असे वाटे. वस्तुतः या अटी म्हणजे ज्यांच्यात काहीही ठरलेले नाही अशा देशांनी परस्परांशी किमान कसे वागावे याचे नियम होत. त्यांचा गाभा असा की, करार नसलेल्या सर्व देशांना सारखीच जकात लावावयाची. ब्रिटनच्या निर्यातीपैकी सुमारे ४५ टक्के निर्यात युरोपीय संघात जात होती. करारावाचून ब्रिटिश मोटारीवर युरोपात दहा टक्के जकात बसली असती. मेंढीच्या मांसावर ती चाळीस टक्क्यांच्याही वर गेली असती, आणि वेल्सच्या डोंगरातील मेंढपाळाचे मुख्य परदेशी गिऱ्हाईक युरोपच होते. मोटारींचा प्रश्न तर आपल्याही घरापर्यंत येतो. कारण जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे, आणि असे बाहेर पडणे वर्षाला १२० कोटी पौंडांना पडेल असा इशारा तिने जुलै २०१८ मध्ये दिला होता.

पण जकातीचा आकडा निदान दिसतो तरी. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची होती. विमानांचे परवाने, औषधांची मान्यता, किरणोत्सारी पदार्थांची ने-आण, मालमोटारींच्या चालकांची अनुज्ञापत्रे, हे सारे सत्तेचाळीस वर्षांच्या सभासदत्वाने संघाच्या नियमांत गुंफले गेले होते. प्राणिजन्य अन्न युरोपात पाठवावयाचे तर पाठवणाऱ्या देशाचे नाव आधी संघाच्या मान्य यादीत असावे लागते. यादीत नाव नसेल तर जकात भरावयाची तयारी असूनही माल सीमेवरून परत फिरतो. ज्या लाकडी पॅलेटवर माल रचून पाठवितात, त्या पॅलेटचे लाकूडही विशिष्ट उष्णता देऊन किडीपासून निर्धोक केलेले असावे लागते. राष्ट्राच्या सार्वभौमत्वावर आवेशाने बोलणाऱ्या वक्त्याच्या भाषणात पॅलेट येत नाही, यात नवल नाही. परंतु डोव्हर बंदरातून गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत मालमोटारींची ये-जा होत असे, आणि त्या एरवी न थांबता जात असत. सरकारच्याच ‘यलोहॅमर’ या आपत्कालीन टिपणात, जे सप्टेंबर २०१९ मध्ये पार्लमेंटच्या आग्रहामुळे प्रसिद्ध करावे लागले, असा अंदाज होता की, करारावाचून बाहेर पडल्यास खाडीपलीकडे जाणाऱ्या मालमोटारींचे प्रमाण एका दिवसात नेहमीच्या ४० ते ६० टक्क्यांवर येईल आणि एकेका मोटारीला दीड ते अडीच दिवस ताटकळावे लागेल. देशातील तीनचतुर्थांश औषधे याच मार्गाने येत होती.

या संकटाची पूर्वतयारी कशी चालली होती? ७ जानेवारी २०१९ रोजी केंट परगण्यातील मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावरून मालमोटारींच्या कोंडीची रंगीत तालीम घेण्यात आली. तीत ८९ मोटारी आल्या. त्याच सुमारास जादा जहाजवाहतुकीसाठी १ कोटी ३८ लाख पौंडांचे कंत्राट ज्या कंपनीला देण्यात आले, तिच्याकडे एकही जहाज नव्हते. पुढे ते रद्द करावे लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये या तयारीसाठी आणखी २१० कोटी पौंड बाजूला काढण्यात आले, आणि लोकांना ‘तयार राहा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींच्या मोहिमेसाठी १० कोटी पौंड ठरले. कशासाठी तयार राहावयाचे हे त्या जाहिरातींना तरी नीट ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

आता धमकीच्या अर्थशास्त्राकडे वळू. टॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाटाघाटीतील धमकीचे मर्म उलगडून दाखविले आहे. धमकी परिणामकारक व्हावयाची, तर ती अमलात आणणाऱ्याला ती परवडते, किंवा निदान तो माघार घेऊ शकत नाही, असे समोरच्याला पटले पाहिजे. ब्रिटनबाबत ब्रसेल्सला हे पटण्याचे कारण नव्हते. करार फिसकटल्याने सत्तावीस देशांचे नुकसान झाले असते हे खरे. आयर्लंडचे तर फारच झाले असते. परंतु ते सत्तावीसांत वाटले गेले असते, आणि ब्रिटनचे एकट्या ब्रिटनला सोसावे लागले असते. त्यातच १३ मार्च २०१९ रोजी लंडनच्या सरकारने जाहीर केले की, करार न झाल्यास किमतीच्या हिशेबाने ८७ टक्के आयात मालावर आम्ही जकातच घेणार नाही. ग्राहकांना महागाईची झळ लागू नये हा हेतू योग्यच होता. पण ज्याला धमकावयाचे त्यालाच, ‘भांडण झाले तरी तुमचा माल आमच्याकडे बिनजकात येऊ द्या’ असे आधी सांगून टाकणे हा धमकीचा कोणता प्रकार? एका हाताने काठी उगारावयाची आणि दुसऱ्या हाताने ती मोडून टाकावयाची, असे हे झाले.

मात्र घरच्या आघाडीवर ही काठी चांगलीच फिरत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये मे यांनी संघाशी ५८५ पानांचा करार केला. तो पार्लमेंटमध्ये मंजूर करून घेताना त्या संघप्रेमी खासदारांना सांगत, माझा करार फेटाळाल तर करारावाचून बाहेर पडावे लागेल. आणि संघविरोधी खासदारांना सांगत, माझा करार फेटाळाल तर बाहेर पडणेच रद्द होईल. एकाच वेळी दोन गटांना दोन परस्परविरुद्ध भये दाखविण्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. एकाचे भय ती दुसऱ्याची आशा. थोडे थांबले तर आपल्यालाच हवे ते मिळेल असे दोघांनाही वाटले, आणि दोघांनीही करार धुडकावला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. इतका दारुण पराभव ब्रिटनमधील कोणत्याही सरकारच्या वाट्याला आधुनिक काळात आला नव्हता. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला.

मग सभागृहाला नेमके हवे होते तरी काय? २७ मार्च रोजी आठ पर्यायांवर मते घेण्यात आली आणि आठही पर्याय नामंजूर झाले. करारावाचून बाहेर पडण्याच्या बाजूने १६० मते पडली, विरोधात ४००. पाच दिवसांनी पुन्हा मतदान झाले. त्यात जकात संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हरला. ‘प्रत्येक गोष्टीला नकार देणारे पार्लमेंट’ म्हणून त्या वेळी खासदारांची यथेच्छ टवाळी झाली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र यात फारसे अनपेक्षित काही दिसू नये. पर्याय दोनांहून अधिक झाले की ‘बहुमत’ नावाची वस्तू हातातून निसटू लागते, हे फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी अठराव्या शतकातच दाखविले होते. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये त्याला सिद्धान्ताचे रूप दिले आणि अमर्त्य सेन यांनी पुढे त्या विषयाचा विस्तार केला. सार्वमतात दोनच रकाने होते म्हणून बहुमत मिळाले. पार्लमेंटपुढे आठ आले आणि ते नाहीसे झाले. खासदारांचे चुकले ते निराळेच. करारावाचून बाहेर पडण्यास ४०० जणांनी नकार दिला, पण नकाराने काही थांबत नव्हते. कायद्याने तोच पर्याय आपोआप लागू व्हावयाचा होता. त्याला अडवावयाचे तर दुसऱ्या कशाला तरी होकार देणे भाग होते. तो होकार देण्याची किंमत मोजावयास कोणीच तयार नव्हते. शेवटी मुदतवाढ मागून मागून दिवस ढकलले गेले.

करारावाचून बाहेर पडण्याच्या समर्थकांची बाजू अगदीच पोकळ होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे यांच्या करारात आयर्लंडच्या सीमेसाठी जी हमी होती, तीमुळे सारा ब्रिटन अनिश्चित काळ संघाच्या जकात क्षेत्रात अडकून पडला असता आणि त्यातून एकतर्फी बाहेर पडण्याचा हक्क त्याला नव्हता. ज्या नियमांच्या घडणीत आपला हात नाही ते पाळत राहावयाचे, ही गोष्ट स्वाभिमानी राष्ट्राला खुपणारी आहे. मे २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रेक्झिट पक्षाला २९ जागा आणि हुजूर पक्षाला जेमतेम नऊ टक्के मते मिळाली, ती काही केवळ भाषणबाजीची करामत नव्हती. आणि अर्थतज्ज्ञांविषयी लोकांना अविश्वास का वाटला, याचे उत्तर आम्हा अर्थशास्त्रवाल्यांनाही द्यावे लागेल. मे २०१६ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने सांगितले होते की, बाहेर पडण्याचा कौल मिळताच मंदी येईल आणि पाच लाखांच्या आसपास लोक बेकार होतील. तसे काही झाले नाही. मग त्याच खात्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये, करारावाचून बाहेर पडल्यास पंधरा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न एरवीपेक्षा ७.७ टक्क्यांनी कमी राहील असा अंदाज दिला, तेव्हा लोक हसले. पहिले भाकीत धक्क्याचे होते, दुसरे झिजेचे. पहिल्याच्या फजितीमुळे दुसऱ्याला कोणी कान दिला नाही. वस्तुतः झीज हीच अशा फारकतीची खरी किंमत असते, आणि ती कोणत्याही एका दिवशी दिसत नाही. करार होऊनसुद्धा ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी राहील असे गृहीत धरून तेथील अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालय आपले अंदाज बांधत आले आहे.

परंतु संघविरोधकांच्या या न्याय्य तक्रारीसाठी सुचविलेला उपाय तपशिलाच्या कसोटीला उतरत नव्हता. जुलै २०१९ मध्ये पंतप्रधानपदाचे उमेदवार असलेले बोरिस जॉन्सन एका दूरदर्शन मुलाखतीत म्हणाले की, गॅट कराराच्या चोविसाव्या कलमातील ५-ब या उपकलमाच्या आधारे करार नसतानाही बिनजकात व्यापार चालू ठेवता येईल. मुलाखतकार अँड्र्यू नील यांनी विचारले, ५-क मध्ये काय आहे ते ठाऊक आहे का? जॉन्सन यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. त्या उपकलमात दोन्ही पक्षांनी ठरविलेली योजना आणि वेळापत्रक लागते, म्हणजेच करार लागतो. वर्गात विद्यार्थ्याने असे उत्तर दिले असते तर त्याला पुढचा धडा वाचून येण्यास सांगितले असते. जॉन्सन दोन आठवड्यांच्या आत पंतप्रधान झाले.

या साऱ्या गदारोळात ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता ती माणसे कोण? ब्रिटनमध्ये राहणारे संघाचे तीस लाखांहून अधिक नागरिक होते, आणि त्यांत आपले गोमंतकीयही होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. त्या बळावर स्विंडनसारख्या शहरात जाऊन स्थायिक झालेल्या गोवेकरांचा तेथील हक्क हा लिस्बनमधून ब्रसेल्समार्गे आलेला हक्क होता. करार झाला तर त्याला आंतरराष्ट्रीय कराराचे संरक्षण. नाही झाला तर त्या वेळच्या गृहखात्याच्या मर्जीवर भिस्त.

आणि आयर्लंड. उत्तर आयर्लंड व आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्यामधील सुमारे पाचशे किलोमीटरच्या सीमेवर ओलांडण्याच्या दोनशेंहून अधिक जागा आहेत. साडेतीन हजारांवर बळी घेणाऱ्या हिंसाचारानंतर १० एप्रिल १९९८ चा करार झाला आणि सीमेवरील चौक्या गेल्या. दोन्ही बाजू एकाच संघात होत्या म्हणून जकातनाक्याचीही गरज उरली नव्हती. करारावाचून बाहेर पडल्यास तेथे नाके उभारणे आले, आणि नाका म्हटला की त्यावर पहारा आला. यावर समर्थकांकडे उत्तर नव्हते, आणि नेमके येथेच धमकीचे शेवटी काय झाले ते दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पार्लमेंटने कायदा करून पंतप्रधानांना मुदतवाढ मागणे बंधनकारक केले. १९ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी तसे पत्र पाठविले, पण सही न करता. त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी संघाशी नवा करार केला होता. त्यात सीमा आयर्लंडच्या भूमीवरून उचलून समुद्रात नेली होती, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये मालाची तपासणी. असे काही कोणताही ब्रिटिश पंतप्रधान मान्य करणार नाही, असे मे यांनी २०१८ मध्ये सभागृहात सांगितले होते. खुद्द जॉन्सन यांनीही त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधील संघराज्यवादी पक्षाच्या परिषदेत जाऊन तसेच बजावले होते. करारावाचून जाण्याची सर्वांत मोठी गर्जना करणाऱ्याने सर्वांत मोठी सवलत दिली, आणि १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ८० जागांचे मताधिक्य मिळविले.

व्यापारी कराराची वाटाघाट पुढे वर्षभर चालली आणि तीच धमकी नव्या नावाने परत आली. तिला आता ‘ऑस्ट्रेलियाच्या धर्तीची व्यवस्था’ म्हणू लागले. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचा संघाशी मुक्त व्यापार करार नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर २०२० मध्ये करोनाच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने अठ्ठेचाळीस तास सीमा बंद केली आणि हजारो मालमोटारी केंटमध्ये अडकल्या. मॅन्स्टनच्या धावपट्टीवर या वेळी तालीम नव्हती. चालकांनी नाताळ तेथेच आपापल्या मोटारीत काढला. २४ डिसेंबरला करार झाला. शेवटपर्यंत अडून राहिलेला मुद्दा मासेमारीचा होता.

समुद्रातील सीमेने उत्तर आयर्लंडमध्ये जे व्हावयाचे ते झाले. तेथील सर्वांत मोठा संघराज्यवादी पक्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारातून बाहेर पडला आणि दोन वर्षे प्रांताला मंत्रिमंडळच नव्हते. दरम्यान विंडसरमध्ये त्या कराराला २०२३ साली पुन्हा डागडुजी करावी लागली. १९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि संघ यांची बैठक होऊन अन्न व वनस्पतिजन्य मालाच्या तपासण्या हटविण्यासाठी नवा करार करावयाचे ठरले. त्यासाठी संघाचे त्या क्षेत्रातील नियम ब्रिटनने पाळावयाचे आहेत. युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात मासेमारीची मुभा त्याच बैठकीत २०३८ पर्यंत वाढवून देण्यात आली.